स्वतःप्रत

भिंत बारा फूट रुंद, सात फूट उंच. मजकूर पाऊणशे शब्दांचा. आखणीतच माझं गणित चुकलं. पहिली ओळ दमदार पाहिजे, हे आण्णांनी हाताला लावलेलं वळण, म्हणून ‘आम्ही, भारताचे लोक’ मी नऊ इंची अक्षरांत घेतलं. लाल अक्षर, त्याला काळी शेड. लांबून, पार रस्त्यावरून दिसावं असं. मग ‘सार्वभौम’ला सहा इंच, ‘न्याय’ला पाच, असं करत करत शेवटाला आलो तेव्हा जमिनीपासून जेमतेम फूटभर जागा उरली होती. ‘अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’ हे मी गोणपाटावर मांडी घालून, दोन इंची अक्षरांत, मान वाकडी करून लिहिलं.

आण्णा असते तर म्हणाले असते, आधी शेवटची ओळ मोज, मग पहिली लिही.

मी पेंटर. म्हणजे होतो. आता आटपाडीत फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, दशक्रिया, ‘हार्दिक अभिनंदन’ असली कामं. ब्रश हातात येतो तो जिल्हा परिषदेच्या शाळांमुळे. पाढे, भारताचा नकाशा, बेडकाचं जीवनचक्र, सुविचार. आणि २०२०च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळांत परिपाठाला संविधानाच्या उद्देशिकेचं सामूहिक वाचन सुरू झालं, तेव्हापासून उद्देशिका. आतापर्यंत अकरा भिंतींवर लिहिलीय. ही बारावी. वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा, पट चौतीस. बाई म्हणाल्या, फ्लेक्स नको, उन्हानं वर्षात उडतो आणि कडा पोरं ओढतात.

अकरा वेळा लिहून मजकूर पाठ झाला होता, पण कळला होता असं नाही. पेंटरला अक्षर दिसतं, शब्द दिसत नाही. ‘प्रवर्धित’ लिहिताना माझं सगळं लक्ष त्या दोन रेषांवर, ‘प्र’मधल्या आणि ‘र्ध’वरच्या रफारावर. तो शब्द बंधुतेबद्दल आहे हे नंतर कळलं.

तर मी खाली बसून लिहीत होतो आणि मधल्या सुट्टीत चौथीतली एक पोरगी पाठीमागं येऊन उभी राहिली. बोट ठेवून वाचायला लागली. रंग ओला होता, म्हटलं बोट लावू नको.

“पेंटरकाका, स्वतःप्रत म्हणजे काय?”

मी काही बोलायच्या आत तिनंच सांगितलं, “स्वतःची झेरॉक्स का?”

हसू आलं मला, पण खरं सांगायचं तर इतकी वर्षं मीही असंच काहीतरी धरून चाललो होतो. प्रत म्हणजे कॉपी. सातबाऱ्याची प्रत, मूळ प्रत, सत्यप्रत. संविधानाची आपापली प्रत प्रत्येकाला अर्पण केली असेल, असं काहीतरी. अर्थ तसा वाईटही लागत नाही.

बाईंनी तिला फळ्यापाशी नेलं आणि मलाही खिडकीतून ऐकू गेलं. ‘निर्णयाप्रत येणे’ असं आपण म्हणतो, त्यातला हा ‘प्रत’. म्हणजे ‘कडे’, ‘ला’. स्वतःप्रत अर्पण, म्हणजे स्वतःलाच अर्पण. पोरीचा लगेच पुढचा प्रश्न, “स्वतःलाच कसं देत्यात?”

बाईंनी काय उत्तर दिलं ते घंटेत गेलं. पण प्रश्न माझ्या डोक्यात बसला, कारण तो माझ्या धंद्यातला होता.

आयुष्यात मी सगळ्यात जास्त कुठला शब्द लिहिला असेल तर तो ‘यांजकडून’. शाळेच्या पंख्याच्या पात्यावर, भिंतीवरच्या घड्याळावर, देवळाच्या पायरीवर, एसटी थांब्याच्या बाकावर, स्मशानभूमीच्या शेडवर. ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ, तमुक यांजकडून सप्रेम भेट.’ पंख्याच्या तीन पात्यांवर तीन भाऊ असतात आणि पंखा सुरू झाला की तिघांचं मिळून एक गोल दिसतं. या सगळ्या पाट्यांत दोन बाजू असतात, एक देणारा, एक घेणारा. देणाऱ्याचं नाव मोठं. घेणाऱ्याचं बहुतेक वेळा लिहीतच नाहीत.

उद्देशिका ही मी रंगवलेली एकमेव पाटी, जिच्यात देणारा आणि घेणारा एकच. वर नऊ इंचात ‘आम्ही’, खाली दोन इंचात ‘स्वतःप्रत’. आणि मधली सगळी यादी, न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता, ही त्या भेटीचा तपशील.

माझा भाचा दुकानाच्या मागच्या खोलीत एमपीएससीचा अभ्यास करतो. रात्री शटर ओढल्यावर त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “मामा, तुमच्या ह्या ‘यांजकडून’वरच संविधान सभेत भांडण झालंय.” आणि त्यानं नोट्स काढल्या. पुढचं जे आहे ते त्याच्याकडून ऐकलेलं आणि मग दोन-तीन रात्री मी स्वतः वाचून घेतलेलं.

उद्देशिका संविधान सभेपुढं मंजुरीला आली १७ ऑक्टोबर १९४९ला, बाकीची कलमं उरकल्यावर. माझ्या उलट, त्यांनी खालचं सगळं आधी आखलं आणि वरची ओळ शेवटी लिहिली. त्या दिवशी हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. शिब्बनलाल सक्सेना यांना ईश्वराबरोबर महात्मा गांधींचंही नाव हवं होतं. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले आणि म्हणाले, आम्ही शक्तीचे उपासक, मग देवाचंच नाव का, देवीचं का नको? हे वाचताना मला आमच्या यात्रा कमिटीची बैठक आठवली, पत्रिकेवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली.

पण थट्टा बाजूला ठेवतो. हृदयनाथ कुंझरू म्हणाले ते असं की, याच उद्देशिकेत आपण श्रद्धेचं आणि उपासनेचं स्वातंत्र्य देतोय, आणि तिच्याच पहिल्या ओळीत एक श्रद्धा सगळ्यांवर लादायची, हे जुळत नाही. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं की देवाला बहुमताच्या तराजूत घालू नका. कामत ऐकेनात. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. देवाचं नाव पडलं. गांधींचं नावही आलं नाही. ज्या सभेत बहुसंख्य लोक देवाला मानणारे आणि गांधींना बाप मानणारे होते, त्या सभेनं वरची जागा रिकामी ठेवली आणि तिथं ‘आम्ही’ लिहिलं. हे मला फार मोठं वाटतं. नास्तिकांनी देवाचं नाव गाळणं काही विशेष नाही.

त्याच चर्चेत डॉ. आंबेडकरांनी सांगितलं ते थोडक्यात असं की, या संविधानाचं मूळ, त्याचा अधिकार आणि त्याचं सार्वभौमत्व लोकांकडून आलेलं आहे, हेच ही उद्देशिका सांगते. म्हणजे आमच्या भाषेत, ‘यांजकडून’च्या जागी लोक.

आणि गंमत ऐका. ते ‘स्वतःप्रत अर्पण’ हे शेवटचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे आयर्लंडच्या १९३७च्या संविधानाच्या प्रस्तावनेत आहेत. पण आयर्लंडची प्रस्तावना सुरू होते ती पवित्र त्रयीच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं. आपण त्यांचं शेपूट घेतलं, डोकं नाही. सुरुवात अमेरिकेसारखी, ‘आम्ही लोक’.

भाच्याला मी विचारलं, “आम्ही म्हणजे कोण पण? माझ्या आजीला कुणी विचारलं होतं का?”

नव्हतं विचारलं. संविधान सभा प्रांतांच्या विधिमंडळांनी निवडून दिलेली, संस्थानांचे प्रतिनिधी वेगळे, आणि त्या विधिमंडळांना निवडणारे मतदार म्हणजे जमीनजुमला किंवा शिक्षण असलेले, नाहीतर कर भरणारे थोडे लोक. आमचं तर त्या वेळी औंध संस्थान, राजा वेगळाच. प्रत्येक मोठ्या माणसाला मत मिळालं ते १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत. म्हणजे पाटी आधी रंगवली आणि दुकान मागाहून उघडलं. वकिली काढली तर हा मोठा दोष आहे. पण धंद्यात आम्ही रोज हेच करतो. गाळ्याचं शटर बसायच्या आधी बोर्ड लागतो, आणि बोर्डावर ‘सर्व प्रकारचे’ असं लिहिलेलं असतं म्हणून मालकाला माल भरावा लागतो. गिऱ्हाईक बोर्ड दाखवून भांडतं. आजीनं १९५२ला मत टाकलं. तेव्हा त्या ‘आम्ही’त ती आली, तीन वर्षं उशिरानं, पण नऊ इंची अक्षरात.

वकिलावरून आठवलं. कोर्टाजवळचे एक वकील माझं गिऱ्हाईक आहेत, नेमप्लेट माझ्याकडूनच करून घेतात. त्यांनी सांगितलं की उद्देशिका संविधानाचा भाग आहे की नाही यावरच कोर्टानं मत बदललंय. १९६०मध्ये बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. १९७३मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठात ठरलं, आहे. आणि १९४९च्या त्या दिवशी सभेत राजेंद्रप्रसादांनी मतालाच टाकलं होतं की उद्देशिका संविधानाचा भाग व्हावी, आणि ते मंजूरही झालं होतं. पाटी दुकानाचा भाग आहे का, या प्रश्नाला तेरा न्यायाधीश. मी त्यांना म्हटलं, साहेब, भाडं थकल्यावर मालक पाटी पण ठेवून घेतो, तेव्हा असेलच की.

मजकुरात दोन-तीन ठिकाणी मला खटकतं ते पण सांगतो. ‘राजनैतिक न्याय’. बातम्यांत ‘राजनैतिक संबंध’ म्हणजे परदेशी वकिलातींचा मामला. इथं अर्थ ‘राजकीय’ असा आहे. पहिल्यांदा लिहिताना मी शाळेत विचारलं होतं की छापताना चुकलंय का. नाही, अधिकृतच तसं आहे. दुसरं, हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ आहे आणि मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. हिंदी शाळेची भिंत केली तेव्हा मी सवयीनं ‘धर्म’ लिहून बसलो आणि पांढऱ्यानं मारून पुन्हा लिहिलं. त्या हिंदी मजकुराच्या शेवटी विक्रम संवतातली तिथीही आहे, मार्गशीर्ष शुक्ल सप्तमी. मराठीत नुसती तारीख.

तारखेचंही एक आहे. ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘आणि एकात्मता’ हे शब्द आले १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं, आणीबाणीत. खाली तारीख मात्र २६ नोव्हेंबर १९४९चीच राहिली. देवळाची पाटी पुन्हा रंगवताना आम्ही ‘जीर्णोद्धार’ म्हणून वेगळी ओळ घालतो. इथं तसं नाही. के. टी. शहा यांनी १९४८मध्येच असे शब्द घालायचा आग्रह धरला होता, पहिल्या कलमात. आंबेडकर नको म्हणाले. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या वेळच्या लोकांनी ठरवावं, संविधानात बांधून ठेवू नये. ते शब्द काढा म्हणून अर्ज झाले, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४मध्ये फेटाळले. यावर तावातावानं बोलणारे दोन्हीकडचे लोक माझ्याकडं फ्लेक्स करायला येतात, त्यामुळं मी जास्त बोलत नाही. एवढंच की मला वाटतं ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द नसतानाही ४१ विरुद्ध ६८मध्ये तो होताच.

मला जास्त जवळचा शब्द ‘बंधुता’. नेहरूंनी डिसेंबर १९४६मध्ये मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय आहे, समानता आहे, स्वातंत्र्य आहे, बंधुता नाही. ती मसुदा समितीनं घातली. फेब्रुवारी १९४८मध्ये आंबेडकरांनी मसुदा सादर केला तेव्हा सोबत लिहिलं की देशात बंधुभावाची आणि सलोख्याची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती. तारीख बघा. फाळणीची कत्तल ताजी, गांधींचा खून होऊन महिनाही झालेला नाही. बाकीच्या तीन गोष्टी ‘प्राप्त करून देण्याचा’ निर्धार आहे. बंधुता मात्र ‘प्रवर्धित करण्याचा’, वाढवण्याचा. ती कुणी कुणाला काढून देऊ शकत नाही, रोपासारखी वाढवावी लागते. हे कळायला मला बारावी भिंत लागली. तोवर रफार बघत होतो.

आता माझ्या जातभाईंबद्दल, म्हणजे अक्षरवाल्यांबद्दल. मूळ इंग्रजी संविधान छापील टायपात नाही, प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी होल्डर-निबनं हातानं लिहिलंय. सहा महिने लागले. मेहनताना विचारला तर म्हणाले, पैसे नकोत, प्रत्येक पानावर माझं नाव आणि शेवटच्या पानावर माझ्या आजोबांचंही नाव घालू द्या. हिंदी प्रत लिहिली वसंत कृष्ण वैद्य यांनी. पानांची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांची. उद्देशिकेचं पान त्यातल्या जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी केलं, आणि खालच्या कोपऱ्यात देवनागरीत बारीक सही केली, ‘राम’.

म्हणजे ज्या पानावर ईश्वराचं नाव येऊ दिलं नाही, गांधींचं येऊ दिलं नाही, त्या पानावर एक नाव आहेच. पेंटरचं. मी दोन दिवस खूश होतो.

कारण तिसऱ्या दिवशी तात्या आले. तात्या म्हणजे वस्तीवरचे डाळिंबाचे बागायतदार. शाळेला रंगाचे डबे, ब्रशचे पैसे, माझी मजुरी, सगळं त्यांनीच दिलं होतं. मोटारसायकल लावली, भिंत बघितली, मान डोलावली.

“झ्याक झालंय. आता खाली दादांचं नाव टाक. ‘यांचे स्मरणार्थ’ आन् मग आमचं, ‘सौजन्य’ म्हनून.”

खाली जागा नव्हती हे खरंच होतं. सहा इंच माती आणि मग जमीन. पण जागा असती तरी माझा हात गेला नसता, आणि ते तात्यांना कसं सांगावं कळेना. मी काही न समजावता त्यांना फक्त वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीपासून सलग. “हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत. सौजन्य, तात्या.”

तात्या गप्प. मग म्हणाले, “परत वाच.”

परत वाचलं.

“म्हंजे मीच दिलं असं वाटतंय व्हय सगळं?”

“तसंच वाटतंय.”

“रंगाचं पैसं तर मी दिल्यात.”

“रंगाचे तुम्हीच दिलेत, तात्या. नाव घालूच. हितं नको एवढंच.”

त्यांचं लक्ष कोपऱ्याकडं गेलं. तिथं मी सवयीनं माझं नाव घातलं होतं, ‘पेंटर’ आणि आडनाव, अर्ध्या इंचात. “मग तुझं कसं चालतं?” असं त्यांनी विचारलं आणि मला चटकन उत्तर सुचेना. रायजादा, राम, सगळे डोक्यात आले, पण तात्यांना ते सांगून काय उपयोग. म्हटलं, “उद्या अक्षर चुकलं तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून.” हे बऱ्यापैकी खरंही आहे.

बाईंनी मार्ग काढला. शाळेच्या मागं पाण्याची सिमेंटची टाकी, तिला चार तोट्या. टाकीला नुसता चुना होता. मी दोरी मारली, निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत, अगदी आण्णांच्या वळणानं, दादांचं नाव आणि खाली ‘यांजकडून सप्रेम भेट’. या वेळी आधी शेवटची ओळ मोजली. अक्षर एकसारखं चार इंची आलं.

रंग वाळेपर्यंत तात्या थांबले. तेवढ्यात सुट्टी झाली आणि पोरं बाटल्या घेऊन टाकीवर आली. ती झेरॉक्सवाली पोरगी सगळ्यात पुढं. तात्यांनी लांबून आपलं नाव वाचलं, मग पोरांची रांग बघितली.

“हितं बेस हाय,” म्हणाले. “पानी प्यायला समदीच येत्यात.”